खाण आहे, रस्ता आहे, तांबं नाही: ‘सिव्हिलायझेशन ४’च्या मॉडकर्त्यांना खुले पत्र

मंडळी, सप्रेम नमस्कार.

संस्कृती उभारण्याचा ‘सिव्हिलायझेशन ४’ हा संगणक-गेम २००५ साली आला, ‘बियॉन्ड द स्वॉर्ड’ ही त्याची पुरवणी २००७ साली आणि ३.१९ हा शेवटचा पॅच २००९ साली. त्यानंतर हा गेम जिवंत ठेवला तो तुम्ही, म्हणजे त्यात फेरफार करून ‘मॉड’ बनवणाऱ्यांनी. डीएलएलचा (गेमचे नियम चालवणाऱ्या फाइलचा) सोर्स कोड हाती आल्यावर तुम्ही त्यात नवी युगं, नव्या जमाती, नवे सिव्हिक (राज्यकारभाराची धोरणं), हुशार एआय असं काय काय घातलंत. त्याबद्दल तक्रार नाही, उपकारच आहेत. हे पत्र एकाच बगबद्दल आहे. तो एका मॉडमधून गेला की दुसऱ्यात उगवतो, आणि खेळाडूने कळवला की ‘तुमचा रस्ता कुठेतरी तुटला असेल’ हे उत्तर ठरलेलं असतं. कोणत्याही एका मॉडचं नाव घेत नाही, कारण मूळ एकाच ठिकाणी आहे आणि तो कोड तुम्हा सगळ्यांकडे सारखाच आहे.

बग असा. तांब्याच्या टाइलवर (नकाशाच्या चौकोनावर) खाण आहे. खाणीपासून राजधानीपर्यंत सलग रस्ता आहे. टाइल आपल्या सीमेत आहे, ब्राँझ वर्किंग शिकून झालंय, युद्ध कुणाशीच नाही. तरी शहराच्या स्क्रीनवर तांबं दिसत नाही आणि त्यावर बनणारा अ‍ॅक्समन हा सैनिक बनवता येत नाही. खाण मोडून पुन्हा बांधली तरी तेच. याचं उलटं रूपही आहे: शत्रूने खाण लुटली, राख झाली, आणि इकडे शहरात अ‍ॅक्समन निवांत तयार होतायत. या दुसऱ्या रूपाची तक्रार मात्र सहसा कुणी करत नाही.

आमचं म्हणणं इतकंच: हा गेम रिसोर्सची (तांबं, लोखंड अशा साधनांची) संख्या मोजत नाही, ती सांभाळतो. वाढलं की एक मिळवतो, घटलं की एक वजा करतो. सांभाळलेली संख्या एकदा चुकली की ती चुकलेलीच राहते, कारण पहिल्यापासून मोजून बघणारं कुणी नाही. ती फेरमोजणी तुम्ही घाला.

हे नीट कळायला आतली रचना बघू. प्रत्येक खेळाडूच्या जोडलेल्या टाइल्सचा एक ‘प्लॉट ग्रुप’ असतो. राजधानी, तिच्याकडे येणारे रस्ते, नदीकाठ, किनाऱ्याचं पाणी, रस्त्यावरच्या खाणी हे सगळं जोडलेलं असेल तर एक ग्रुप, आणि समुद्रापलीकडचं तुटलेलं बेट म्हणजे दुसरा. टाइल जाळ्यात मोडते का, हे ठरवायला कोड काही प्रश्न विचारतो. टाइलच्या मालकाशी युद्ध आहे का? या टाइलची नाकेबंदी झालीय का? टाइल कुणाचीच नसेल तर ती नकाशावर उघडलेली आहे का? आणि शेवटी, तिथे रस्ता, चालणारी नदी किंवा चालणारं पाणी यांपैकी काही आहे का? आपल्या हद्दीतली नदी आणि पाणी सुरुवातीपासून चालतं, हद्दीबाहेरची नदी सेलिंग हे तंत्रज्ञान शिकल्यावर. हद्दीबाहेरचं किनाऱ्याचं पाणी सेलिंगने, खोल समुद्र अ‍ॅस्ट्रॉनॉमीने.

ग्रुपकडे प्रत्येक रिसोर्ससाठी एक आकडा असतो आणि ग्रुपमधल्या प्रत्येक शहराकडे त्याच आकड्याची स्वतःची प्रत असते. हे आकडे हलवण्याचं काम मुख्यतः ‘अपडेट-प्लॉट-ग्रुप-बोनस’ हे फंक्शन करतं. त्याला एकच गोष्ट सांगायची असते: अधिक की वजा. टाइलवर बदल करायचा झाला की आधी ‘वजा’ म्हणून हाक मारायची, मग बदल करायचा, मग ‘अधिक’ म्हणून हाक मारायची. खाण बांधताना, खाण लुटली जाताना, इमारतीमुळे शहराला फुकट रिसोर्स मिळताना, राजधानी हलताना, सगळीकडे हीच पद्धत. गेममधल्या हॉलिवूड या इमारतीचे चित्रपटसुद्धा याच वाटेने शहरात येतात.

फंक्शन आत शिरल्यावर नियम तपासतं. टाइल कुणाच्या मालकीची आहे का, ते तंत्रज्ञान आलंय का, टाइलवर शहर किंवा किल्ला किंवा त्या रिसोर्सला लागू पडणारं बांधकाम आहे का, टाइल जाळ्यात आहे का. सगळं जुळलं तर एक मिळवतं किंवा वजा करतं. नाही जुळलं तर काहीच करत नाही. शेवटचं वाक्य पुन्हा वाचा, कारण बग तिथे राहतो. वजा करतानाही नियम तपासला जातो, आणि तो आजचा नियम असतो. हा एक याआधी खरंच मिळवला होता का, याची नोंद कुठेही नाही.

आता तुम्ही मॉडमध्ये एक छान कल्पना आणता: तांबं मिळायला अमुक एक सिव्हिक हवं. फंक्शनमध्ये एक ‘इफ’ वाढवता. गेम चालतो, चाचणीत खाणीतून तांबं येतं, सगळे खूश. पण सिव्हिक बदलण्याच्या जागी आधी वजा, नंतर अधिक ही जोडी घालायची राहते. मग काय होतं ते आकड्यांत बघा.

सिव्हिक नसताना खाण आणि रस्ता पूर्ण झाला. नियम खोटा, म्हणून आकडा ०. इथवर बरोबर आहे. आता खेळाडूने सिव्हिक घेतलं. नियम खरा झाला, पण कुणी हाकच मारली नाही, आकडा ०. खेळाडू म्हणतो, जोडलंय पण मिळत नाही. तो सुचेल तो उपाय करतो, खाण पाडतो. पाडताना ‘वजा’ची हाक जाते, नियम आता खरा आहे, त्यामुळे कधीच न मिळवलेला एक वजा होतो: उणे १. खाण पुन्हा बांधली, ‘अधिक’ची हाक, आकडा पुन्हा ०. खाण झळकतेय, रस्ता झळकतोय, तांबं नाही. पुढे दुसरी तांब्याची खाण मिळाली की आकडा १ होतो, अ‍ॅक्समन बनू लागतात आणि खेळाडू विषय सोडून देतो. दोन खाणी असून व्यापाराला जादा तांबं शिल्लक नाही, हे त्याच्या लक्षात यायला बराच काळ जातो, बहुधा येतच नाही.

उलटं रूपही असंच घडतं. सिव्हिक असताना खाण बांधली, आकडा १. सिव्हिक सोडलं, हाक नाही, आकडा १. शत्रूने खाण लुटली, ‘वजा’ची हाक गेली, पण नियम आता खोटा, म्हणून काहीच वजा झालं नाही. खाण नसताना तांबं १. हे भुताचं तांबं मग सेव्हमध्येही जातं, कारण ग्रुपचा आकडा आणि शहराची प्रत दोन्ही सेव्ह फाइलमध्ये जसेच्या तसे लिहिले जातात. गेम बंद करून उघडला तरी फरक पडत नाही.

वाण्याच्या वहीत रोजच्या नोंदी न ठेवता नुसती शिल्लक खोडून नवी लिहीत गेलं तर चूक सापडायची कशी? इथे तेच चाललंय.

सिव्हिक हे उदाहरण झालं. त्याच्या जागी धर्म, इमारत, संस्कृतीची पातळी, ऋतू, काहीही ठेवा. मूळ गेममध्ये नियमातले घटक मोजके होते आणि प्रत्येक घटक बदलण्याच्या जागी हाका मारलेल्या होत्या. तंत्रज्ञान मिळतानासुद्धा संबंधित टाइल्सवर आधी वजा आणि नंतर अधिक केलं जातं. तुम्ही घटक वाढवता तेव्हा ती जबाबदारी तुमच्याकडे येते. नियमात एक शब्द घातला की तो शब्द गेममध्ये कुठे कुठे बदलू शकतो त्या सगळ्या जागा शोधायला हव्यात: खेळाडूने बदलला, इव्हेंटने बदलला, व्हॅसल (मांडलिक) झाल्यामुळे बदलला, वर्ल्डबिल्डर या नकाशा-संपादकाने बदलला, पायथन स्क्रिप्टने बदलला.

याहून सर्रास घडणारा प्रकार कोडला हातही न लावता होतो. खेळाडूचा डाव निम्म्यावर आहे आणि तुम्ही मॉडची नवी आवृत्ती काढता. त्यात इम्प्रूव्हमेंटच्या एक्सएमएल फाइलमध्ये एखाद्या बांधकामाची ‘बोनस-ट्रेड’ची (ते बांधकाम रिसोर्स देतं का, हे सांगणारी) खूण शून्याची एक किंवा एकाची शून्य केलेली असते, किंवा रिसोर्सच्या फाइलमध्ये ‘टेक-सिटी-ट्रेड’चं (रिसोर्स शहराला मिळायला लागणारं) तंत्रज्ञान बदललेलं असतं. सेव्हमधला आकडा जुन्या नियमाने आलेला, वजाबाकी नव्या नियमाने होणार. फरक पडणारच. ‘नवी आवृत्ती जुन्या सेव्हशी सुसंगत आहे’ असं तुम्ही लिहिता तेव्हा गेम उघडतो एवढंच तपासलेलं असतं. रिसोर्सच्या यादीत मध्येच नवा रिसोर्स घातला तर सगळे क्रमांक सरकतात आणि सेव्हचा चक्काचूर होतो, हे तुम्हाला माहीत आहे, म्हणून ते तुम्ही टाळता. खुणेतला बदल गुपचूप जातो.

आता त्या प्रसिद्ध तोडग्याबद्दल. ‘रस्ता तोडा आणि पुन्हा बांधा’ असं खेळाडू एकमेकांना सांगतात. कधी चालतो, कधी चालत नाही, म्हणून त्याला अंधश्रद्धेचं रूप आलंय. वास्तविक त्यामागे कारण आहे. टाइल जाळ्यातून निघाली की ग्रुप स्वतःला तपासतो: एका टाइलपासून सुरुवात करून जोडलेल्या टाइल्स मोजतो आणि आपल्या यादीतल्या टाइल्सच्या संख्येशी ताडून बघतो. संख्या जुळली तर तिथूनच परत, पुढे काहीही होत नाही. जुळली नाही तर सगळ्या टाइल्स बाहेर काढतो आणि एकेक करून पुन्हा जोडतो. जुना ग्रुप रिकामा झाला की पुसला जातो, त्याच्याबरोबर चुकलेला आकडाही जातो, आणि नवा ग्रुप शून्यापासून आजच्या नियमाने मोजला जातो. म्हणजे फेरमोजणी या कोडमध्ये आहेच, फक्त ती चुकून होते.

यातून खेळाडूसाठी नेमकी सूचना निघते. रस्ता टोकाला, खाणीच्या टाइलवर तोडला तर उपयोग नाही. ती एक टाइल गळते, उरलेला ग्रुप अखंड राहतो, संख्या जुळते, फेरमोजणी होत नाही. रस्ता मधोमध तोडायला हवा, असा की ग्रुपचे दोन तुकडे पडतील. आणि शेजारून नदी किंवा किनारा जात असेल तर मधोमध तोडूनही तुकडे पडत नाहीत, कारण जोडणी पाण्यावरून चालूच राहते. वर्ल्डबिल्डरमधून रस्ता पुसणं सोपं. तुकडे पडल्यावर जिकडे राजधानी आहे तिकडचं शहर उघडून बघा, मग रस्ता पुन्हा घाला.

एवढं करूनही आकडा चुकीचाच राहिला तर चूक ग्रुपमध्ये नाही, शहराच्या प्रतीत आहे. ग्रुप सोडताना शहर आपल्या आकड्यातून ग्रुपचा आकडा वजा करतं. दोन्ही सारखे असतील तर शून्य उरतं. नसतील तर उरलेला फरक शहर स्वतःबरोबर घेऊन नव्या ग्रुपमध्ये जातं, आणि मग रस्ते कितीही तोडले तरी तो सुटत नाही. असा फरक दिसला की समजावं, मॉडमधल्या कुठल्यातरी कोडने ग्रुपला वळसा घालून शहराच्या आकड्याला थेट हात लावलाय. हा निष्कर्ष खेळाडूच्या तक्रारीतून अर्ध्या मिनिटात काढता येतो, पण त्यासाठी ‘रस्ता कुठे तोडलात’ हा प्रश्न विचारावा लागतो.

समुद्रावरून जोडलेल्या बेटांची कथा वेगळी आहे. ‘बियॉन्ड द स्वॉर्ड’मध्ये जहाज नाकेबंदी करतं तेव्हा पाण्याच्या टाइलवर प्रत्येक संघासाठी एक मोजणी वाढते आणि जहाज गेलं की उतरते. ती शून्याच्या वर असेपर्यंत ती टाइल त्या संघाच्या जाळ्यात धरली जात नाही. पुन्हा तीच मिळवा-वजा करा पद्धत, आणि पुन्हा तोच आजार. अनऑफिशियल पॅच आणि ‘बेटर बीटीएस एआय’ या चाहत्यांनी केलेल्या मॉडच्या कोडमध्ये क्वचित घडणाऱ्या कायमच्या नाकेबंदीवरचा इलाज आहे, आणि तिथेच मोजणी शून्याखाली जाऊ नये म्हणून घातलेली ओळही आहे. तिच्यावरच्या टिपणीत लिहिणाऱ्याने तिला स्वच्छपणे ‘हॅक’ म्हटलंय. जहाज दिसत नाही, युद्ध संपलंय, आणि बेटावरचं लोखंड येत नाही, अशी तक्रार आली तर आधी हे बघा की तुमचा मॉड त्या दुरुस्तीच्या आधीच्या कोडवर उभा आहे का.

नाकेबंदीत शून्याखाली जाऊ न देणं ठीक आहे, कारण उणे एक नाकेबंदीला काही अर्थ नाही. पण तीच ओळ उचलून रिसोर्सच्या आकड्याला लावायचा मोह काही जणांना होतो, आणि तो वाईट आहे. रिसोर्सचा आकडा काही वेळा रीतसर उणे असतो. समजा तुमच्याकडे एकच तांबं आहे आणि ते तुम्ही शेजाऱ्याला विकलंत. आयात-निर्यात राजधानीच्या टाइलवर मोजली जाते, म्हणून ग्रुपचा आकडा एक वजा एक, ०. शत्रूने खाण लुटली, आकडा उणे १. पुढे सौद्यांची तपासणी होते, देण्याइतकं तांबं नाही हे कळतं, सौदा रद्द होतो आणि आकडा परत ०. मधल्या वेळेत तो उणेच असायला हवा. तिथे जबरदस्तीने शून्य केलंत तर सौदा रद्द होताना एक परत मिळतो आणि खाण नसताना भुताचं तांबं तयार. म्हणजे एका बगवर पट्टी लावून दुसरा जन्माला घातला. याच कारणाने ‘आकडा उणे झाला तर ओरडा’ अशी साधी असर्ट, म्हणजे कोडमधली आपोआप होणारी तपासणीही उपयोगाची नाही, ती खोट्या गजरांनी कंटाळा आणते आणि शेवटी कुणीतरी तिला कॉमेंट करून टाकतं.

मग काय करायचं? एक तपासणी फंक्शन लिहा. प्रत्येक खेळाडूच्या प्रत्येक ग्रुपसाठी सगळ्या रिसोर्सचे तात्पुरते रकाने शून्याने भरा. नकाशावरच्या सगळ्या टाइल्सवरून एकदा जा. टाइलच्या मालकाचा ग्रुप घ्या, नियम जुळला तर एक मिळवा, शहर असेल तर त्याचे फुकट रिसोर्स मिळवा, राजधानी असेल तर आयात मिळवा आणि निर्यात वजा करा. शेवटी तात्पुरता आकडा आणि ग्रुपने सांभाळलेला आकडा ताडून बघा, मग ग्रुपचा आकडा आणि त्यातल्या प्रत्येक शहराची प्रत. नियम मात्र दोन ठिकाणी लिहू नका. ‘ही टाइल आत्ता हा रिसोर्स देते का’ एवढंच सांगणारं छोटं फंक्शन वेगळं काढा आणि मिळवा-वजा करणारं फंक्शन व तपासणी दोघांनाही तेच वापरायला लावा. नाहीतर चार महिन्यांनी एकात ‘इफ’ वाढेल, दुसऱ्यात राहील, आणि तपासणीच खोटं बोलू लागेल.

शहराची प्रत ताडताना एक खोड लक्षात ठेवा. कॉर्पोरेशनने (गेममधल्या कंपनीने) शहरात तयार केलेला रिसोर्स, उदाहरणार्थ स्टँडर्ड इथेनॉलचं तेल, वेगळ्या रकान्यात असतो आणि शहराची संख्या विचारली की बेरजेत येतो. तो जाळ्यावरून दुसऱ्या शहराला जात नाही. तपासणीने ही बेरीज घेतली तर कॉर्पोरेशन असलेलं प्रत्येक शहर चुकीचं दिसेल. आतला कच्चा आकडाच ताडायला हवा.

फरक सापडला तर लॉगमध्ये टर्न, खेळाडू, ग्रुपचा क्रमांक, रिसोर्स, अपेक्षित आकडा आणि प्रत्यक्ष आकडा लिहा. डीबग बिल्डमध्ये तिथेच थांबा. खेळाडूंच्या बिल्डमध्ये आकडा दुरुस्त करा, पण रकान्यात थेट लिहून नाही. फरक जितका असेल तितका नेहमीच्या बदलाच्या फंक्शनमधून पाठवा. कारण शहराचा आकडा शून्यावरून वर जातो किंवा शून्याला येतो तेव्हा आरोग्य, आनंद, वीज, उत्पादन हे सगळं तिथून लागू होतं किंवा काढलं जातं. थेट लिहिलंत तर तांबं दिसेल, पण गव्हाचं आरोग्य आणि सोन्याचा आनंद मिळणार नाही. मग त्याची वेगळी तक्रार येईल.

वेळ फार जाईल, हा आक्षेप येणार. ‘ह्यूज’ नकाशा नेहमीच्या मापाने १२८ गुणिले ८०, म्हणजे १०,२४० टाइल्सचा. एका टर्नला त्यावरून एकदा जाणं ही किरकोळ गोष्ट आहे. एआयचे कामगार कुठे जायचं हे ठरवताना सगळे मिळून याहून कितीतरी जास्त टाइल्स चाळतात. अवाढव्य नकाशांच्या मॉडसाठी दर दहा टर्नला एकदा केलंत तरी पुरे.

मल्टीप्लेअरमध्ये जागा निवडताना जपा. दुरुस्ती टर्नच्या प्रक्रियेत, सगळ्यांच्या मशीनवर एकाच क्षणी व्हायला हवी. कुणी शहराची स्क्रीन उघडली म्हणून तिथे फेरमोजणी, असं केलंत तर एकाच मशीनवर आकडा बदलतो आणि आउट ऑफ सिंक, म्हणजे दोन मशीनवरचा डाव वेगळा पडणं, ठरलेलं. सेव्ह उघडताना दुरुस्त करणं सोयीचं वाटतं, पण मध्येच तुटून पुन्हा जोडला गेलेला खेळाडू डाव नव्याने लोड करतो. त्याच्याकडे दुरुस्त आकडा, बाकीच्यांकडे जुना. म्हणून सिंगल प्लेअरमध्ये हवं तर लोड करताना, मल्टीप्लेअरमध्ये फक्त टर्नच्या शेवटी.

बग आहे की नाही हे पाहायची चाचणी अशी लावा. भारत निवडा. त्याला दोन कारणं: फास्ट वर्करच्या तीन चाली, आणि गांधी असो वा अशोक, दोघेही ‘स्पिरिच्युअल’ असल्याने सिव्हिक बदलताना अराजक येत नाही. राजधानी नदी आणि समुद्रापासून दूर ठेवा, नाहीतर जोडणी पाण्यावरून होईल आणि रस्त्याची चाचणी होणारच नाही. वर्ल्डबिल्डरमधून शहराची संस्कृती वाढवून सीमा पसरवा, राजधानीपासून तीन टाइल्सवर एकच तांबं ठेवा, जवळपासचं लोखंड काढून टाका, कारण अ‍ॅक्समन लोखंडावरही बनतो. खाण बांधा, रस्ता घाला, सेव्ह करा. मग तुमचा नवा नियम खोटा करा, आकडा बघा, खाण पाडा, आकडा बघा, नियम खरा करा, खाण बांधा, आकडा बघा. सिव्हिकची चाचणी असेल तर एका बदलानंतर दुसऱ्यासाठी पाच टर्न थांबावं लागतं, तेवढे धरून चाला. सगळ्या क्रमांनी केल्यावर सुरुवातीची स्थिती परत आली की आकडाही सुरुवातीचाच हवा.

आकडा शहराच्या स्क्रीनवर बघू नका. तिथे उणे आकडा आणि शून्य यांत फरक दिसत नाही, दोन्ही वेळा रिसोर्स नुसता गायब असतो. सेटिंगच्या आयएनआय फाइलमध्ये ‘चीट-कोड’पुढे ‘चिपोटले’ लिहून पायथन कन्सोल उघडा आणि शहराला त्या रिसोर्सची संख्या विचारा. उणे १ उत्तर आलं आणि तांब्याची निर्यात चालू नसेल, तर पुढे वाद घालण्यासारखं काही उरत नाही.

दुसरी एक युक्ती निदानासाठी फार कामाची आहे. डाव वर्ल्डबिल्डरमधून सिनॅरिओ म्हणून साठवा आणि तो सिनॅरिओ उघडा. त्या मजकूर-फाइलमध्ये टाइल्स, रस्ते, बांधकामं असतात, सांभाळलेले आकडे नसतात, त्यामुळे सगळं नव्याने मोजलं जातं. तिथे तांबं दिसलं तर सेव्हमधला आकडा चुकलेला आहे. तिथेही नाही दिसलं तर आकड्याला दोष देऊ नका, नियमात किंवा एक्सएमएलमध्ये बघा. हा डाव पुढे खेळण्यासाठी मात्र वापरू नये, सेव्हमधल्या बऱ्याच गोष्टी या वाटेत गळतात.

खेळाडूंची बाजू मांडतोय म्हणून त्यांचं सगळं खरं, असं नाही. येणाऱ्या तक्रारींत खऱ्या बगपेक्षा गैरसमज जास्त असतात, हे मान्य. तांब्यावर कॉटेज बांधलेलं असतं. रस्ता शेजाऱ्याच्या हद्दीतून जातो आणि त्याच्याशी युद्ध पेटलेलं असतं. जंगलातली एक टाइल कुणाच्याच मालकीची नसते आणि उघडलेलीही नसते. एकुलतं एक तांबं तीस टर्नांपूर्वी कुणाला तरी भेट दिलेलं असतं. पण हे गैरसमज होतात, कारण गेम पुरेसं सांगत नाही. टाइलवर माउस नेला की रिसोर्सचं नाव येतं, पण तो मिळतो की नाही आणि नसेल तर नेमका का, हे पुरतं कळत नाही. सगळे प्रश्न कोडमध्ये क्रमाने विचारले जातातच. ज्या प्रश्नावर उत्तर ‘नाही’ आलं, त्याची एक ओळ टूलटिपमध्ये दाखवा: ‘रस्ता नाही’, ‘तंत्रज्ञान नाही’, ‘या बांधकामाने मिळत नाही’, ‘टाइलची नाकेबंदी’, ‘राजधानीच्या जाळ्यात नाही’. आणि शहराच्या स्क्रीनवर रिसोर्सवर माउस नेला की आपले किती, आयात किती, निर्यात किती, कॉर्पोरेशनचे किती, हा हिशोब. आमच्या मते, नवीन युग घालण्याआधी हे करावं. निम्म्या तक्रारी इथेच मिटतील, आणि उरलेल्या निम्म्यांत खेळाडू स्वतःच तुम्हाला नेमकं सांगेल की टूलटिप ‘मिळतो’ म्हणतेय आणि शहर ‘नाही’ म्हणतंय.

तक्रार घेताना चार गोष्टी मागा: बिघडण्याआधीच्या टर्नचा सेव्ह, बिघडल्यानंतरचा सेव्ह, डाव कोणत्या आवृत्तीवर सुरू केला आणि मध्ये कोणत्या आवृत्त्या बदलल्या, आणि रस्ता मधोमध तोडून फरक पडला का. नुसता नंतरचा सेव्ह घेऊन काही हाती लागत नाही, कारण त्यात उणे एक आहे एवढंच दिसतं, ते कधी झालं ते नाही. खेळाडूंनाही सांगा की आयएनआय फाइलमध्ये ऑटोसेव्हचं अंतर एक टर्नावर आणावं आणि ठेवायच्या ऑटोसेव्हची संख्या वाढवावी. डिस्कवर जागा जाते, पण बिघडलेली टर्न सापडते.

आणि नवी आवृत्ती काढताना बदलांच्या यादीत ‘बोनस-ट्रेड’ किंवा ‘टेक-सिटी-ट्रेड’ला हात लागला असेल तर ते स्पष्ट लिहा. तपासणी फंक्शन घातलेलं असेल तर चालू डावात पहिल्या टर्नच्या शेवटी आकडे आपोआप जागेवर येतील. घातलं नसेल, तर ‘जुने सेव्ह चालतील’ ही ओळ त्या आवृत्तीपुरती काढून टाका.

आपले,
ज्यांची खाण आहे, रस्ता आहे, असे काही खेळाडू आणि हौशी मॉडकर्ते